संदर्भ हवा : वसईच्या इतिहासाची उलटतपासणी

मराठी विकिपीडियावर एखाद्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात दोन शब्द दिसतात : ‘संदर्भ हवा’. कुणीतरी ते वाक्य वाचलं, त्याला शंका आली आणि त्यानं खूण करून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. वसईसारख्या विषयावरच्या लेखात अशी खूण दिसली की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, याला कसला आलाय संदर्भ? शाळेतल्या पोरालाही विचारा, तो सांगेल.

पोर साल बरोबर सांगेल. तारखेवर मात्र जाडजूड ग्रंथही एकमेकांशी भांडताना दिसतात. शरणागतीच्या कलमांवर सह्या झाल्या त्या एका पुस्तकात १६ मे रोजी, दुसऱ्यात ५ मे रोजी. पोर्तुगीज शिबंदी किल्ला सोडून निघाली ती कुठे २३ मेला, कुठे १२ मेला. गंमत अशी की या चारही तारखा बरोबर आहेत. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली आणि पोर्तुगालने ती त्याच वर्षी स्वीकारली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेला चिकटून राहिले. अठराव्या शतकात या दोन गणनांमध्ये अकरा दिवसांचं अंतर होतं. मराठी कागदांवर तर दोन्ही नाहीत; तिथे तिथी, शक आणि अरबी पद्धतीची सनावळी. पुढे मराठी इतिहासकारांनी तिथीवरून इंग्रजी तारीख काढताना १७५२ पूर्वीच्या काळासाठी बहुतेक वेळा जुनी गणनाच धरली. थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूची २८ एप्रिल १७४० ही तारीख त्याच हिशेबाची आहे. पोर्तुगीज कागदांत मात्र नवी गणना. म्हणून पोर्तुगीजांची १६ मे तीच जुन्या गणनेची ५ मे, आणि २३ मे तीच १२ मे.

आता एखाद्या हौशी लेखकाने शरणागतीची तारीख एका पुस्तकातून उचलली आणि किल्ला रिकामा झाल्याची दुसऱ्यातून, तर काय होतं? १६ मेला शरण येणारी शिबंदी १२ मेलाच किल्ला सोडून गेलेली असते. वाक्यं शुद्ध, व्याकरण चोख आणि इतिहास उलटा. दोन्ही वाक्यांपुढे ग्रंथाचं नाव आणि पान दिलेलं असेल, तर दुसरा वाचक दहा मिनिटांत घोटाळा पकडतो. नाव दिलेलं नसेल तर तोच घोटाळा एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर, तिथून वर्तमानपत्राच्या पुरवणीत, पुरवणीतून सहलीच्या माहितीपत्रकात आणि माहितीपत्रकातून शाळेच्या प्रकल्पवहीत जातो.

वसई हे या दृष्टीने फार बोलकं गाव आहे. इथे इतिहास उदंड आणि तो सांगणारेही उदंड. मौर्यकालीन शिलालेख, बौद्ध स्तूप, पोर्तुगीजांची दोनशे पाच वर्षं, मराठ्यांची मोहीम, इंग्रजांचा वेढा. प्रत्येक थरावर कुणीतरी, कधीतरी मूळ दगडापर्यंत किंवा मूळ कागदापर्यंत जाऊन आलं आहे. त्यांच्या त्या फेऱ्यांचाही एक इतिहास आहे, आणि आज ज्ञानकोशातला वसईवरचा लेख नीट करू पाहणाऱ्याला तो ठाऊक असला तर निम्मं काम हलकं होतं.

सुरुवात करावी ती जोसे गेर्सन द कुन्या यांच्यापासून. हे मूळचे गोव्याचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे, नाण्यांचे जाणकार. १८७६ साली त्यांनी चौल आणि वसई या दोन जागांच्या इतिहासावर आणि अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्याआधी वसईचं वर्णन करणारे प्रवासी पुष्कळ होऊन गेले होते. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये आणि जेमेली करेरी हा इटालियन १६९५ मध्ये वसईला येऊन गेला होता. द कुन्यांनी एकीकडे पोर्तुगीज बखरकार वाचले आणि दुसरीकडे किल्ल्यातली पडकी चर्चं आणि थडगी पालथी घातली. थडग्यांवरच्या पोर्तुगीज ओळी त्यांनी उतरवून घेतल्या आणि छापल्या.

त्यातला एक दगड जवळून पाहण्यासारखा आहे. त्यावरचा मजकूर साधा आहे : हा किल्ला बांधणारा पहिला कप्तान गार्सिया द सा, गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या हुकमावरून, साल १५३६. एवढाच. पण या तीन तपशिलांनी बरंच काम होतं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हुमायूनच्या धास्तीने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं, त्यात मुंबईही, पोर्तुगीजांना दिली. तह झाला तो बंदरात उभ्या असलेल्या ‘साव मातेउश’ नावाच्या गलबतावर. त्यानंतर दोनच वर्षांत दगडी किल्ल्याचं काम हाती घेतलं होतं, हे हा दगड सांगतो. आज सहलीला गेलेल्यांना जो समुद्राकडचा लांबलचक तट दिसतो तो सगळाच्या सगळा १५३६ चा आहे, असं मात्र हा दगड सांगत नाही. बाहेरची मोठी तटबंदी पुढच्या दशकांत उभी राहिली. ‘वसईचा किल्ला १५३६ साली बांधला’ हे वाक्य या दगडाच्या आधाराने लिहिलं की आधार खरा असतो आणि वाक्य खोटं. संदर्भ देणं म्हणजे आधार आहे एवढं दाखवणं नव्हे. तो आधार किती वजन पेलतो, हेही पाहावं लागतं.

द कुन्यांच्या पुस्तकानंतर सहाच वर्षांनी, १८८२ मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरचे खंड निघाले. संपादक जेम्स कॅम्बेल. तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदाव्या खंडात गावांची आणि प्रेक्षणीय स्थळांची माहिती. वसईवरचं प्रकरण या चौदाव्या खंडात आहे. आजही वसईबद्दल काही लिहायचं म्हटलं की हात पहिल्यांदा याच खंडाकडे जातो. तो आहेही तसाच भरगच्च, आणि पानोपानी तळटीपा देणारा. त्या तळटीपा मात्र फारसं कुणी वाचत नाही. वाचल्या तर दिसतं की वसईच्या पोर्तुगीज काळाबद्दल गॅझेटियरने ठिकठिकाणी द कुन्यांचाच हवाला दिला आहे.

म्हणजे लेखात एखाद्या विधानापुढे द कुन्या आणि गॅझेटियर असे दोन संदर्भ दिसले की वाचकाला वाटतं, दोन साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात साक्षीदार एकच, दुसऱ्याने त्याचंच ऐकून सांगितलेलं. पुढे या गॅझेटियरवरून लिहिलेली विसाव्या शतकातली पुस्तकं तिसरा, चौथा, पाचवा संदर्भ म्हणून रांगेत उभी राहतात. आकडा फुगतो, पुरावा तेवढाच राहतो. जाणता संपादक अशा वेळी चार आकडे पुसून एकच ठेवतो, तोही पृष्ठक्रमांकासह. पुसापुशीला काही जण नाराज होतात, पण लेख त्यानेच सुधारतो.

गॅझेटियर ज्या वर्षी छापलं गेलं त्याच वर्षी वसई तालुक्यात एक मोठी गोष्ट घडली. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी हे लेण्यांचे आणि शिलालेखांचे गाढे अभ्यासक. १८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी नालासोपाऱ्याजवळचं ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखलं जाणारं टेकाड उकरलं. कॅम्बेल स्वतः या शोधात रस घेत होते. टेकाडाच्या पोटात विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात दोन अर्ध्यांची गोल दगडी पेटी. पेटीत मध्यभागी तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती वर्तुळात बसवलेल्या आठ लहान धातुमूर्ती : सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात सोन्याच्या फुलांसोबत मातीच्या भांड्याची खापरं होती. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानून ठेवलेली असावीत, असा भगवानलालांचा कयास. सोबत यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. हा ऐवज आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

नाण्यावरून स्तूप सुमारे दुसऱ्या शतकातला वाटतो. मूर्ती मात्र शैलीवरून त्याच्या सहा-सातशे वर्षं नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. एकाच पेटीतल्या दोन वस्तूंमध्ये एवढं अंतर असेल, तर पेटी मधे कधीतरी उघडून पुन्हा बंद केली असावी, असा तर्क निघतो. हे सगळं बाजूला ठेवून ‘सोपाऱ्याचा स्तूप सम्राट अशोकाने बांधला’ असं एका दमात लिहून टाकणं सोपं असतं. तसं लिहिलं की वाचकाला नाण्याचाही पत्ता लागत नाही आणि मूर्तींचाही.

अशोकाचा सोपाऱ्याशी संबंध आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. १८८२ मध्येच सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. राजाने शिकारीच्या यात्रा सोडून धर्मयात्रा धरल्या, हा त्या लेखाचा विषय. दुसरा तुकडा मिळायला चौऱ्याहत्तर वर्षं जावी लागली. १९५६ साली भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा ना. अ. गोरे यांना सापडला. गोरे तेव्हा एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. तेव्हा सोपाऱ्याच्या परिसरात ‘अशोकाचे चौदा शिलालेख सापडले’ असं जे कुठेकुठे वाचायला मिळतं, ते खरं नाही. चौदा लेखांचा संच इथे कधीकाळी असेलही. हाती आलेत ते दोन तुकडे. आणि १९५६ पूर्वीचं पुस्तक संदर्भाला घेतलं तर तुकडा एकच. पुस्तक चुकलेलं नसतं, फक्त जुनं झालेलं असतं. संदर्भापुढे प्रकाशनाचं साल का लिहायचं, ते इथे कळतं.

सोपाऱ्याबद्दल आणखी एक दावा फार लाडका आहे : बायबलमध्ये सॉलोमन राजाची जहाजं जिथून सोनं आणत ते ‘ओफीर’ म्हणजे सोपारा. एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी हे सुचवलं, तसंच इतरांनी अरबस्तान आणि आफ्रिकेतली ठिकाणंही सुचवली. लेखात हे यायला हरकत नाही, मात्र ते ‘अमुक अभ्यासकाच्या मते’ असं सांगून यावं. त्याउलट पेरिप्लसमध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात सोपाऱ्याचं नाव येतं, हे ग्रंथ उघडून दाखवता येतं. दोन्ही विधानं एकाच सुरात, एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी बसवली की तर्कालाही वस्तुस्थितीचा मान मिळतो.

मराठीत ‘अस्सल कागद दाखवा’ हा आग्रह रुजवला तो विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड एकामागून एक काढत त्यांनी गावोगावची दप्तरं उपसली, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. उत्तर कोकणाच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम म्हणजे १९२४ साली त्यांनी छापलेली ‘महिकावतीची बखर’. वेगवेगळ्या काळात रचलेली प्रकरणं एकत्र झालेली ही बखर. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांचा, शके १३७० च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सनाच्या पंधराव्या शतकातला. साष्टी, वसई, माहीम या पट्ट्यातल्या गावांचा, कुळांचा आणि राजवटींचा एवढा जुना मराठी वृत्तान्त दुसरा नाही. राजवाड्यांनी तिला लांबलचक प्रस्तावना जोडली. आणि इथेच वाचकाला पेच पडतो. बखरीत एक मजकूर आहे आणि प्रस्तावनेत राजवाड्यांची मतं आहेत. ‘महिकावतीच्या बखरीत म्हटले आहे’ असं लिहून पुष्कळदा राजवाड्यांचंच मत दिलं जातं. मत कदाचित बरोबरही असेल, पण ते पंधराव्या शतकातलं नसून १९२४ चं आहे. शिवाय माहीम दोन. एक मुंबईतलं, दुसरं पालघरजवळचं केळवे-माहीम. लेखात नुसतं ‘माहीम’ लिहून पुढे गेलं, की वाचक दादरशेजारी उतरतो.

वसईच्या मोहिमेचे मराठी कागद एकत्र आले ते गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून. ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ही पंचेचाळीस खंडांची मालिका १९३० ते १९३४ या काळात निघाली. त्यातला सोळावा खंड वसईच्या मोहिमेला वाहिलेला आहे. रसद पोचली नाही, दारूगोळा कमी पडतोय, सुरुंग कुठवर गेला, कोण जखमी झाला, असा रोजचा धकाधकीचा मजकूर त्यात आहे. त्याआधी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांच्या पत्रव्यवहारातूनही या मोहिमेवर प्रकाश पडला होता. उलट बाजूचे कागद गोव्यात होते, पोर्तुगीज भाषेत. ते वाचले पांडुरंग सखाराम पिसुर्लेकरांनी. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे हे संचालक. पुणे विद्यापीठाने १९६७ साली त्यांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ प्रसिद्ध केलं. एका बाजूने सरदेसाईंचा सोळावा खंड आणि दुसऱ्या बाजूने पिसुर्लेकर, असं दोन्हीकडचं वाचून लिहिलं तर वेढ्याचं चित्र उभं राहतं. एकाच बाजूचं वाचलं तर पोवाडा होतो नाहीतर विलापिका.

उदाहरणार्थ, माणसं किती पडली? मराठ्यांची हानी कुठे पाच हजार दिली आहे, कुठे बारा हजार. पाच हजारांत जखमी धरलेले आहेत का? बारा हजार हे एका वेढ्याचे की १७३७ पासूनच्या सबंध मोहिमेचे? हा आकडा कुणाचा : लढणाऱ्याचा, हरलेल्याचा, की शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या इंग्रजाचा? चौकटीत मोठ्या अक्षरांत एकच आकडा टाकला की हे सगळे प्रश्न बुजून जातात. ‘अमुकच्या मते इतके, तमुकच्या मते इतके’ हे वाक्य लांबतं, पण वाचकाला फसवत नाही.

तसंच त्या प्रसिद्ध गोष्टीचं. किल्ला हाती येत नाही म्हणून चिमाजी आप्पा म्हणाले, निदान माझं मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका. वसईत ही गोष्ट न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. ज्ञानकोशातल्या लेखात तिला जागा आहे, आख्यायिका म्हणून आणि ती कोणत्या ग्रंथात आली ते सांगून. वज्रेश्वरीच्या नवसाचंही तेच. चिमाजींनी देवीला नवस केला, हे परंपरा सांगते. वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकरवी देऊळ उभं राहिलं, हा इतिहास. दोन्ही सांगावं, पण दोहोंच्या मधली रेघ पुसू नये.

घंटांच्या बाबतीत ही रेघ फार वेळा पुसली जाते. वसईच्या विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या तटावर टांगलेली अजस्र घंटा त्यांपैकी मानल्या जाणाऱ्यांत सर्वांत नामांकित. नारोशंकर राजेबहाद्दरांनी हे देऊळ १७४७ मध्ये बांधलं आणि घंटेवर साल आहे १७२१. मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्याजवळची, भीमाशंकरची, अशा आणखी कितीतरी. घंटेवरचं पोर्तुगीज धाटणीचं नक्षीकाम, क्रूस आणि साल पाहून ती चर्चची हे निश्चित होतं. ती वसईच्या कोणत्या चर्चची, की साष्टीतल्या, की चौल-रेवदंड्याच्या, हे तेवढ्यावरून ठरत नाही. मराठ्यांनी घेतलेली पोर्तुगीज ठाणी वसईपुरती नव्हती. तिथे पुजाऱ्याचं सांगणं आणि कागदाचा पुरावा वेगवेगळा लिहावा लागतो.

मराठीत ज्ञानकोशाची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश सुरू झाला. पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोशाची एक शिस्त लक्षात राहण्यासारखी आहे : नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी आणि त्याखाली लेखकाचं आडनाव. जबाबदारी कुणाची, ते स्पष्ट. १ मे २००३ पासून सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने हे गणित बदललं. इथे नोंदीखाली कुणाचं आडनाव नसतं. शंभर हात लागलेले असतात. तज्ज्ञाच्या नावाची जी भिस्त होती ती इथे प्रत्येक वाक्यामागच्या छोट्या आकड्यावर आली. वाक्यागणिक पुरावा, स्वतःचं संशोधन नको, शंका आली तर चर्चा पानावर मांडा, कुणी काय बदललं ते ‘इतिहास पहा’ या कळीखाली कायम राहतं. संपादकांनी जमून वाद घालायच्या पानाला नावही अस्सल मराठी मिळालं : चावडी.

या व्यवस्थेतही खोड आहेच. लेखात कुणी पुराव्याविना एक ओळ घालतो. घाईतला बातमीदार ती उचलतो. मग दुसरा संपादक त्या बातमीचाच संदर्भ मूळ ओळीला लावतो. चक्र पुरं. यावर उपाय एकच, बातमीची तारीख आणि ती ओळ लेखात कधी आली याची तारीख ताडून पाहणं. बातमी नंतरची असेल, तर संदर्भ बाद.

संदर्भ सुधारले की भाषाही आपोआप सुधारते असं नाही; तिच्याकडे वेगळं पाहावं लागतं. ‘वसईचा तह’ म्हटलं की कोणता? १५३४ चा बहादूरशाह आणि पोर्तुगीजांमधला, की ३१ डिसेंबर १८०२ चा दुसरा बाजीराव आणि इंग्रजांमधला, ज्याने पेशवाई इंग्रजांच्या फौजेच्या आसऱ्याला गेली? ‘वसईचा वेढा’ म्हणजे चिमाजी आप्पांचा, की १७८० साली जनरल गोडार्डने घातलेला? दोन्ही वेळी किल्ला पडला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. सालाविना लिहिलेल्या वाक्यात वाचक कुठल्याही शतकात उतरू शकतो.

काळ बदलला की बरोबर वाक्यंही बिघडतात. ‘वसई हा ठाणे जिल्ह्यातील तालुका आहे’ हे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत खरं होतं. त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला. जुने ग्रंथ वसईला ठाण्यातच दाखवणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली ती जुलै २००९ मध्ये. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. १८८२ च्या गॅझेटियरमधली वर्तमानकाळातली वाक्यं जशीच्या तशी भाषांतरित करून टाकली की याच शहरात अजून बैलगाड्या धावतात आणि बंदरावर तांदूळ चढतो. ‘आहे’च्या जागी ‘१८८२ मध्ये होते’ एवढं केलं तरी परिच्छेद शुद्धीवर येतो.

विशेषणं हा दुसरा रोग. ‘भव्य’, ‘देदीप्यमान’, ‘जगप्रसिद्ध’, ‘अद्वितीय’ : यांतल्या एकालाही पृष्ठक्रमांक देता येत नाही. ‘पहिला’ या शब्दाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. संत गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेलेले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झालेले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. २००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं तेव्हा ‘भारताच्या पहिल्या संत’ असे मथळे झळकले. भारतीय स्त्रियांमध्ये त्या पहिल्या. वाक्यात एक शब्द कमी पडला की एका संताचा मान दुसऱ्याकडे जातो. गोन्सालोंचं जन्मवर्षही कुठे १५५६, कुठे १५५७ दिलेलं असतं. तिथे ‘सुमारे’ हा शब्द कमीपणाचा नाही.

द कुन्यांचं पुस्तक, गॅझेटियरचे खंड, पेशवे दफ्तर हे सगळं आता चित्ररूपात इंटरनेटवर उघडं आहे. पूर्वी त्यासाठी मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्या चढाव्या लागत. आज वसई-विरारमधला कॉलेजचा मुलगा लोकल गाडीत बसून गॅझेटियरचा चौदावा खंड उघडू शकतो, पान शोधू शकतो आणि लेखात तो आकडा भरू शकतो. दगडांच्या आणि दप्तरांच्या इतिहासापुरता हा मार्ग मोकळा आहे.

अडतं ते माणसांच्या इतिहासापाशी. वसईच्या हिरव्या पट्ट्यातले कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, त्यांची कादोडीसारखी बोली, लग्नातले विधी, वाडीतल्या पाण्याचे वाटे, केळी सुकवण्याची रीत, हे घराघरांत माहीत असतं आणि छापील मात्र थोडंच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादलेलं ‘सुवार्ता’ मासिक, गावोगावच्या चर्चचे आणि देवस्थानांचे स्मरणअंक, स्थानिक दिवाळी अंक, शाळांची शताब्दी पुस्तकं, यांत त्यातलं काही उतरलं आहे. पुष्कळ अंक कुठल्या तरी कपाटात आहेत, चित्ररूपात नाहीत. एखाद्या आजीने सांगितलेली रीत संपादकाला खरी वाटते, पण आजीचं नाव संदर्भात चालत नाही. मग कुणीतरी ती रीत नीट टिपून, गाव आणि साल घालून, आधी एखाद्या मासिकात छापतं. अंक हाती आला की महिना, वर्ष आणि पान भरून वाक्य लेखात जातं. तोवर ते चर्चा पानावर पडून असतं, आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं की निर्मळच्या जत्रेवरचा जुना अंक कुणाकडे आहे का.